लखनौची हिवाळी लग्ने: सजावटीचा इतिहास

लखनौमधील लग्नाच्या सजावटीला आजची ओळख मिळू लागली ती अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. नवाब असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि दरबाराच्या आश्रयाने शहरात जरीकाम, भरतकाम, अत्तरे व रोषणाई यांचे व्यवसाय वाढले. लग्नाचे रूप ठरवणे त्या काळी एकट्या घराच्या आवडीवर अवलंबून नव्हते. ऋतू, विधी आणि कारागिरांचे कसब या तिन्हींतून ते ठरत असे.

हिंदू घरांत लग्नसराई कार्तिकातील देवउठनी एकादशीनंतर सुरू होते. महाराष्ट्रातही तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतच्या खरमासात लग्ने थांबतात आणि त्यानंतर पुन्हा सुरू होतात. मुस्लिम चांद्र वर्षाचे महिने ऋतूंशी बांधलेले नसतात, म्हणून त्यांच्या लग्नांना ठरावीक हंगाम नसतो. शिया कुटुंबे मोहरमपासूनचा सुमारे सव्वादोन महिन्यांचा शोककाळ मात्र टाळतात.

दरबारी थाटाचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे असफउद्दौलांचा दत्तक पुत्र वजीर अली याचे लग्न. लुईस फर्डिनंड स्मिथ याने १७९५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याचे वर्णन आहे. त्यानुसार मिरवणुकीत सुमारे १,२०० हत्ती होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबूचे बुरूज, कमानी व मिनार उभारून त्यांवर काचेचे दिवे लावले होते. प्रचंड सुती तंबूंना आतून रंगीत पट्ट्यांच्या उंची लोकरी कापडाचे अस्तर होते. थंडीच्या दिवसांत असे अस्तर शोभेचेही ठरे आणि उबेचेही.

सुखवस्तू घरांत प्रत्येक विधीचे रूप ठरलेले होते. लग्नाआधीच्या मांझा या विधीला वधू पिवळी वस्त्रे नेसून बसे. सांचक या विधीला वराकडून कपडे, मिठाई आणि रंगवलेली मडकी येत. त्यानंतर वधूकडून मेंदीची मिरवणूक निघे. वरातीत कागद व अभ्रक यांची फुलझाडे मिरवली जात. या सजावटीला ‘आराइश’ म्हणत. अशा रीतीने सजावटीचा क्रम लग्नाच्या दिवसांबरोबर पुढे सरकत असे.

पोशाखात हिवाळ्याचा प्रभाव अधिक स्पष्ट दिसतो. बेगमांचा जमिनीवर लोळणारा फर्शी पायजमा अनेक कळ्या जोडून शिवत. त्यावर जरदोजी हे धातूच्या तारांचे भरतकाम केले जाई. लाकडी चौकटीवर म्हणजे अड्ड्यावर कापड ताणून कारागीर सुईने किंवा आरीने सलमा, सितारा, दबका अशा तारा व टिकल्या बसवतात. हे जड काम मखमल व साटण चांगले पेलतात आणि थंडीत ते अंगावर सुसह्य होते. चिकनकारी मुळात तलम मलमलीची, म्हणून उन्हाळ्याची. चपट्या धातूच्या तारेच्या मुकैश कामाची जोड मिळाली की तिलाही समारंभाची झळाळी येते. अत्तरांतही ऋतू पाळला जाई: उन्हाळ्यात वाळा, हिवाळ्यात उष्ण मानली जाणारी हिना व शमामा.

१८५६ मध्ये ब्रिटिशांनी वाजिद अली शाह यांना पदच्युत करून अवध खालसा केले. दरबार गेल्यावर कारागिरांना तालुकदारांचा म्हणजे मोठ्या जमीनदारांचा आधार मिळाला. १९५१ मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी निर्मूलनाचा कायदा लागू झाल्यावर तोही ओसरला. पुढे हे कारागीर प्रामुख्याने बाजारासाठी काम करू लागले. लखनौच्या चिकनकारीला २००८ मध्ये आणि जरदोजीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आज वाजिद अली शाह यांच्या काळातील कैसरबागेच्या सफेद बारादरीत लग्नसमारंभ होतात. ‘नवाबी’ थीम निवडणारी कुटुंबे कमानी, झुंबरे, अवधच्या राजचिन्हातील मत्स्ययुगुल आणि जरदोजीचे शरारे एकत्र आणतात. पंगतीत फक्त थंडीत मिळणारी मक्खन मलाई असते. जुन्या लखनौची सजावट मात्र एकाच दृश्यात मावणारी नव्हती: ती विधीगणिक बदलत असे. नवाबी थीमला खरा आधार द्यायचा तर हा क्रम जपावा लागतो आणि अड्ड्यावरच्या कामाला पुरेसा वेळ व योग्य मोल द्यावे लागते.