तिठ्यावरची शिट्टी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं चिटणीसांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, सोसायटीचा इतिहास तर तुम्ही लिहिणारच. जागा कशी मिळाली, विहिरीला पाणी किती हातांवर लागलं, पहिल्या पावसात कोणाच्या घरात बादल्या लावाव्या लागल्या, हे सगळं त्यात येईलच. मी आपल्या फाटकाबाहेरच्या रस्त्याचा इतिहास लिहितो. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्यापेक्षा तो जास्त बदलला आहे, आणि आपली पोरं रोज त्याच्यावरून जातात.

राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. आमच्या लहानपणी कसालच्या तिठ्यावर दिवसाकाठी मोजक्या गाड्या दिसत. कणकवलीकडून एक यायची, मालवणकडे एक वळायची. मधल्या वेळात रस्ता बैलगाड्यांचा आणि आमचा. गाडीचा आवाज लांबून यायचा, त्यामुळे बाजूला व्हायला भरपूर वेळ असे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, मुख्यालय शेजारी ओरोसला आलं, आणि कचेरीच्या कामाला जाणाऱ्यांची वर्दळ वाढली. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा आपला सतरा नंबरचा हायवे सहासष्ट नंबरचा झाला. पुढे तो चौपदरी झाला. रस्ता रुंद झाला, गाड्या वेगात आल्या, पण ओलांडणारी माणसं मात्र तीच राहिली. जुन्या सवयीने इकडे-तिकडे बघून पळत सुटणारी.

रस्त्यावर मुलांना सांभाळायचं कसं, हा प्रश्न आपल्याच नशिबी आलेला नाही. अमेरिकेत मोटारी वाढल्या तशी शाळेच्या वाटेवर मुलं गाडीखाली सापडू लागली. तेव्हा १९२० च्या सुमारास शिकागोसारख्या शहरांत शाळेतल्या मोठ्या मुलांनाच पट्टा देऊन कोपऱ्यावर उभं केलं. लहान मुलांना थांबवायचं, रस्ता मोकळा झाला की सोडायचं, एवढंच काम. मुलगा शिक्षकाचं ऐकत नाही, पण सातवीतल्या दादाचं ऐकतो, हे त्या लोकांनी बरोबर हेरलं होतं.

हीच कल्पना आपल्याकडे आरएसपी म्हणून आली. रोड सेफ्टी पेट्रोल. बदली होऊन मुंबईला गेलो तेव्हा मी ती पहिल्यांदा पाहिली. शाळा सुटायच्या वेळी गणवेशातली, पट्टा लावलेली दोन पोरं फाटकाशी उभी असत. एकाने शिट्टी वाजवली की डबलडेकर बसचा ड्रायव्हरसुद्धा ब्रेक दाबायचा. मी बँकेत जाताना रोज तिथे दोन मिनिटं रेंगाळायचो. गंमत वाटायची, थोडा हेवाही वाटायचा. आमच्या शाळेत कवायत होती, पण रस्त्यावरची गाडी थांबवायचा अधिकार आम्हाला कोणी दिला नव्हता.

पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३७ विद्यापीठं आणि सुमारे चाळीस हजार विद्यार्थी, अशी तिची सुरुवात. तिच्यातर्फे कॉलेजची मुलं रस्ता सुरक्षेवर फेऱ्या काढतात, पथनाट्यं करतात. काम चांगलंच आहे. पण पुष्कळदा विषय वरून येतो, घोषणाही वरून येतात, आणि पोरांच्या वाट्याला फक्त फलक धरणं उरतं.

हा फरक जगाच्या पातळीवर २००७ साली नीट मांडला गेला. संयुक्त राष्ट्रांचा पहिला जागतिक रस्ता सुरक्षा सप्ताह त्या वर्षी एप्रिलमध्ये झाला आणि त्याचा विषयच तरुण मंडळी हा होता. जिनिव्हाला शंभराच्या आसपास देशांतून सुमारे चारशे तरुण जमले. आमच्यासाठी कार्यक्रम करताना आम्हालाही बसवून घ्या, असं सांगणारा जाहीरनामा त्यांनी स्वतः तयार केला. त्यातून पुढे २००९ साली तरुणांची स्वतंत्र जागतिक संघटनाही उभी राहिली. हे सगळं का, तर पाच ते एकोणतीस या वयात जगात सगळ्यात जास्त मृत्यू रस्त्यावर होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यांतली जवळजवळ तीनात दोन १८ ते ४५ वयाची. शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची.

मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं. त्यामुळे आकडे वाचून डोळ्यांत पाणी येत नाही. पण एक हिशेब मला विसरता येत नाही.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. दुचाकीच्या कर्जावर माझी सही असायची. एक दिवस पंचा खांद्यावर टाकलेला एक गृहस्थ काउंटरवर आला आणि म्हणाला, "सायबानू, झिलाच्या गाडीचो हप्तो भरूक इलंय." खातं काढून बघतो तर हप्ता थकला नव्हता. मी म्हटलं, मुलगा स्वतः येतो ना दर महिन्याला? तो म्हणाला, "आता येवचो नाय." मुलगा आठ दिवसांपूर्वी त्याच गाडीवरून गेला होता. मी म्हटलं, घाई नाही, कागदपत्रं बघू, काय सवलत बसते ते बघू. तो ऐकेना. "तेच्या नावार देणा रवाक नको," म्हणाला आणि नोटा मोजून पुढे सरकवल्या. पावतीवर शिक्का मारताना माझा हात जड झाला होता. त्या कर्जाच्या अर्जात मी पगाराचा दाखला मागितला होता, जामीनदार मागितला होता. हेल्मेट आहे का, हे विचारायला अर्जात रकानाच नव्हता.

एवढं बघूनही मी शहाणा झालो नाही, हे इथे कबूल करतो.

१९७२ साली लूना आली. तिचं इंजिन पन्नास सीसीचं. कायद्यात सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो एवढ्याच ताकदीच्या गाडीसाठी. आजची घराघरातली स्कूटर त्याच्या दुप्पट ताकदीची, म्हणजे तिला अठरा पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी एका डिसेंबरच्या संध्याकाळी सौ.चं औषध संपलं आणि मी सोळा वर्षांच्या नातवाच्या हातात चावी दिली. "इथल्या इथे तर जायचं," म्हणालो. तिठ्यावर बारीक खडी पसरली होती, गाडी सरकली. देवाची कृपा, हातावर निभावलं.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम आपल्या आवारात झाला, तो अनेकांना आठवत असेल. मी पाऊण तास कायदा सांगितला. पोरं मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. शेवटी प्लॅस्टरमधला हात वर करून नातू उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबानू, तुमी कलमां सांगितलात. चावी कोणी दिली, ता सांगूक नाय."

सभेत हशा पिकला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

त्यानंतर पोरांनी कार्यक्रम आपल्या हातात घेतला. आठ-दहा मुलं-मुली तीन दिवस वही घेऊन तिठ्यावर उभी राहिली. कोण हेल्मेट घालतं, कोण उलट्या बाजूने येतं, हे लिहिलं, आणि ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून कारण विचारलं. त्यांच्या वहीत जी उत्तरं आली ती माझ्या भाषणात कुठेच नव्हती. एक मुलगी म्हणाली, "माका लाज वाटणा नाय, पण क्लासात हेल्मेट ठेवूचा खंय?" कोणी म्हणालं, दुभाजकाची फट लांब आहे म्हणून उलटं यावं लागतं. कोणी म्हणालं, एसटी चुकली की वडीलच गाडी देतात. आणि पुष्कळांनी सांगितलं की चालवणारा मित्र जोरात हाणतो तेव्हा मागे बसलेल्याला भीती वाटते, पण बोलायची चोरी. भित्रा म्हणतील.

मग त्यांनी आपसात नियम केले. मागे बसणाऱ्याने "हळू" म्हटलं की चालवणाऱ्याने वाद घालायचा नाही. पोचलं की घरी एका शब्दाचा निरोप. गाडी चालू असताना फोन मागच्याकडे. कोणाचा अपघात दिसला तर फोटो काढायचे नाहीत, मदत करायची. मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने त्रास देऊ नये, असं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच दिलं आहे, हेही त्यांनी शोधून काढलं. आणि शेवटची अट आम्हा मोठ्यांसाठी होती: अठरा पूर्ण नसलेल्याला चावी द्यायची नाही, औषध संपलं तरी. घरोघर फिरून त्यांनी सह्या घेतल्या. पहिली सही माझी. कर्जाच्या कागदांवर आयुष्यात हजारो सह्या केल्या, एवढं वाचून एकही केली नसेल.

सगळं एकदम सुधारलं असं मी म्हणणार नाही. उलटं येणारे अजून येतात, त्यात आपलेही आहेत. पण आता संध्याकाळी फाटकातून बाहेर पडणारा एखादा मुलगा विसरलेलं हेल्मेट आणायला मागे फिरतो, कारण कट्ट्यावर बसलेली पोरं त्याला नावाने हाक मारतात. मुंबईला जी शिट्टी ऐकून मी थांबायचो, तीच ही.

म्हणून जाता जाता एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून थोडी रक्कम शिल्लक राहील असं खजिनदार सांगतात. त्यातून क्लासच्या व्हरांड्यात आणि आपल्या जिन्याखाली हेल्मेट अडकवायला खुंट्या लावाव्यात, ही त्या वहीतली पहिली मागणी आहे. सुताराकडून दर मागवले आहेत. येत्या वार्षिक सभेत ठराव मी मांडतो. अनुमोदनाला मात्र एखाद्या विशीतल्या सभासदाच्या मुलाला किंवा मुलीला बोलू द्यावं. नियमात बसत नसेल तर पाच मिनिटं सभा तहकूब करून बोलू द्यावं.