आकडीचं औषध आणि मुलांची मूत्रपिंडं

मुलाची आकडी थांबली की घराच्या जिवात जीव येतो. कल्याणजवळच्या मोहन्याहून आंबिवली स्टेशन गाठून परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत खेटे घातलेल्या आईबापांच्या तर विशेषच. रोज पाजलेलं औषध मुलाच्या मूत्रपिंडांचं काय करतं, हे विचारायचं मग राहून जातं.

हे नातं जुनं आहे. १८५७ साली लंडनच्या डॉ. चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर ब्रोमाइडचा गुण येतो असं सांगितलं. ब्रोमाइड मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतं, तेही फार सावकाश. ते अंगात साचे आणि रुग्ण सुस्त, भ्रमिष्ट होई. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं, आणि मूत्रपिंडांचा विषय मागे पडला.

व्हॅलप्रोएटने तो पुन्हा पुढे आणला. १९६७ पासून हे औषध फ्रान्समध्ये वापरात आहे. डॉक्टरांची नजर आधी यकृताकडे गेली, आणि ते रास्तच होतं. दोन वर्षांखालच्या मुलांना यकृताचा हा धोका जीवघेणा ठरू शकतो. मूत्रपिंडांचं दुखणं मात्र चोरपावलांनी आलं. अंथरुणाला खिळलेली, नळीवाटे अन्न घेणारी काही मुलं. लघवीत साखर, रक्तातली साखर मात्र नॉर्मल. मूत्रपिंडांतल्या सूक्ष्म नलिका साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट परत शोषून घेईनाशा झाल्या होत्या. फॉस्फेट वाहून गेलं की हाडं कमजोर होतात. काहींचं निदान हाड मोडल्यावरच झालं. हा फॅन्कोनी सिंड्रोम. तो विरळा आहे आणि औषध बदलल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांत सावरतात. तरी दुखतंय हेही ज्यांना सांगता येत नाही, अशा मुलांच्या हालांतून हे कळावं, याची फार खंत वाटते.

टोपिरामेट या आकडीच्या आणखी एका औषधाला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. त्याने लघवीतलं सायट्रेट घटतं आणि खडे होऊ शकतात. आकडीवर १९२१ पासून दिल्या जाणाऱ्या केटोजेनिक आहारातही हीच भीती असते, म्हणून बरेच डॉक्टर सोबत पोटॅशियम सायट्रेट देतात. टोपिरामेटने घामही कमी येऊ शकतो; कल्याणच्या उन्हाळ्यात अशा मुलाला उन्हापासून जपावं, पाणी पाजत राहावं.

औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका. अचानक तोडलं तर फिट जिवावर बेतते. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारा: लघवी तपासायची का? रक्तातलं फॉस्फेट आणि बायकार्बोनेट पाहायचं का? मूत्रपिंडांसाठी नेहमी तपासल्या जाणाऱ्या नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, नलिका बिघडल्या तरी ते पुष्कळदा नॉर्मलच येतं.