स्वतःच्याच प्रकाशाचा धक्का

दिवा उजेड देतो तेव्हा तेल सरते, हे आपण जाणतो. विद्युतभारित कणाचेही तसेच आहे. इलेक्ट्रॉनचा वेग वा दिशा बदलली की तो प्रारण बाहेर टाकतो. ते किती, याचे सूत्र जोसेफ लार्मर यांनी १८९७ साली मांडले. मग प्रश्न उरला, या खर्चाचा हिशेब कणाच्या गतीत कोठे दिसतो?

विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरेंट्झ व आब्राहम यांनी उत्तर दिले की, कणावर त्याच्याच प्रारणाचा प्रतिघात होतो. समीकरण तर मिळाले. पण त्याच्या काही उकलींत कोणताही बाह्य जोर नसताना इलेक्ट्रॉन आपोआप वेग घेत सुटे! पॉल डिरॅक यांनी १९३८ साली त्याला सापेक्षतेची शिस्त लावली व अशा उकली वगळल्या. तेव्हा दुसरेच संकट उभे राहिले. जोर लागण्याच्या किंचित आधीच कण हलू लागे. म्हणजे कारणाआधी कार्य! १९४४ साली आपल्या होमी भाभांनी हरीश-चंद्र यांच्यासह बिंदुकणांच्या याच विचाराचा धागा पुढे नेला. लान्दाऊ व लिफ्शित्झ यांनी आपल्या ग्रंथात व्यवहारी तोड सुचवली ती अशी की, प्रतिघात ही लहानशी दुरुस्ती मानावी, म्हणजे हे दोष टळतात.

वर्तुळाकार त्वरकांत इलेक्ट्रॉन फेरीगणिक ऊर्जा गमावतात, हे ठाऊक होते. परंतु एकाच झटक्यात ठळक परिणाम घडवील असे प्रखर क्षेत्र हाती नव्हते. १९८५ साली डोना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी आकसून घेण्याची युक्ती दाखवली आणि ती वाट मोकळी झाली. २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेतील जेमिनी लेसरवरचे दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारे इलेक्ट्रॉन समोरून येणाऱ्या लेसरवर आदळवले. गॅमा किरण निघाले, इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटली. प्रतिघाताची खूण पटली.

त्या आकड्यांत आणखी एक संकेत होता. इतक्या प्रखर क्षेत्रात प्रारण अखंड धारेने नव्हे, तर कणाकणाने सुटते. म्हणून जुने समीकरण तेथे अपुरे पडते. मात्र यशस्वी टकरी मोजक्याच असल्याने संशोधकांनी त्यावर अंतिम शिक्का मारला नाही. डिरॅक यांच्या लेखापासून या प्रयोगांपर्यंत ऐंशी वर्षे गेली होती. एवढ्या प्रतीक्षेनंतरही पुराव्यापेक्षा अधिक न बोलण्याचा हा संयम आम्हांला शोधाइतकाच मोलाचा वाटतो.