क्ष-किरणांची निर्मिती : निर्वात नळी आणि अणुरचना यांच्या परस्परसंबंधाचा इतिहास

प्रस्तावना

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत क्ष-किरणांचे प्रकरण साधारणतः एका ठरावीक क्रमाने येते. प्रथम अणुकेंद्रक व त्याभोवतीची इलेक्ट्रॉनांची कवचे, त्यानंतर वेगवान इलेक्ट्रॉनांचा धातूच्या लक्ष्यावर होणारा आघात आणि शेवटी क्ष-किरण नळीची आकृती. तर्कदृष्ट्या हा क्रम निर्दोष आहे. मात्र अणूची रचना आधी समजली आणि त्या ज्ञानाच्या आधारे नळी तयार करण्यात आली, असा समज त्यातून सहज निर्माण होतो. प्रत्यक्षात क्ष-किरण १८९५ साली सापडले, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध दोन वर्षे आणि अणुकेंद्रकाची संकल्पना सोळा वर्षे दूर होती. १८९५ ते १९१५ या दोन दशकांचा आढावा घेतल्यास असे दिसते की, नळी घडविण्यासाठी अणुरचनेच्या ज्ञानाची गरज भासली नाही; उलट अणुरचनेविषयीच्या तर्काला भक्कम प्रायोगिक आधार मिळाला तो या नळीतून. प्रस्तुत निबंधात या विधानाची मांडणी केली आहे.

निर्वात नळी आणि रंटगेन यांचा शोध

क्ष-किरण नळीची पूर्वपीठिका काच फुंकण्याच्या व हवा उपसण्याच्या कारागिरीत आहे. जर्मनीतील हाइनरिख गाइसलर यांनी १८५७ च्या सुमारास विरल वायूने भरलेल्या व दोन्ही टोकांना विद्युतअग्रे असलेल्या नळ्या तयार केल्या. पंप सुधारत गेले तसा नळीतील वायूचा दाब कमी होत गेला. ऋणाग्राकडून निघून समोरच्या काचेवर हिरवट चमक निर्माण करणाऱ्या किरणांकडे त्यामुळे संशोधकांचे लक्ष गेले. ऑयगेन गोल्डश्टाइन यांनी १८७६ मध्ये त्यांना ऋण किरण हे नाव दिले. इंग्लंडमध्ये विल्यम क्रुक्स यांनी या किरणांवर विस्तृत प्रयोग केले. हे किरण म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत की ईथरमधील लहरी, याविषयी इंग्लिश व जर्मन भौतिकशास्त्रज्ञांत बराच काळ मतभेद होते.

वुर्झबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक व्हिल्हेल्म कॉनराड रंटगेन हे ऋण किरणांचाच अभ्यास करीत होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी काळ्या पुठ्ठ्याने पूर्णपणे झाकलेल्या नळीतून विद्युतप्रवाह सोडला असता, काही अंतरावरील बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा चमकू लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. पडदा दोन मीटर दूर नेला तरी ही चमक दिसत असे. ऋण किरण हवेत इतके अंतर जाऊ शकत नाहीत, हे तोपर्यंत ज्ञात होते. पुढील काही आठवडे त्यांनी एकांतात प्रयोग केले आणि २८ डिसेंबर रोजी आपला निबंध स्थानिक विज्ञान संस्थेकडे सादर केला. किरणांचे स्वरूप अज्ञात असल्याने त्यांनी संक्षेपासाठी 'एक्स' हे अक्षर योजले. बीजगणितातील अज्ञात राशीसाठी मराठीत 'क्ष' वापरण्याचा प्रघात असल्याने आपल्याकडे 'क्ष-किरण' ही संज्ञा रूढ झाली.

निर्मितीच्या दृष्टीने या निबंधातील एक निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे. नळीच्या काचेवर ऋण किरण ज्या ठिकाणी आदळतात तेथूनच नवे किरण बाहेर पडतात आणि लोहचुंबकाने ऋण किरण वळविले की नव्या किरणांचे उगमस्थानही सरकते, असे रंटगेन यांनी नोंदविले. क्ष-किरण आघातातून निर्माण होतात, ही गोष्ट अशा प्रकारे पहिल्याच निबंधात सिद्ध झाली. मार्च १८९६ मधील दुसऱ्या निबंधात त्यांनी ॲल्युमिनियमचे अंतर्वक्र ऋणाग्र आणि त्याच्या समोर ४५ अंशांत बसविलेला प्लॅटिनमचा पत्रा अशी रचना सुचविली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील हर्बर्ट जॅक्सन यांनीही १८९६ मध्येच अशी केंद्रित झोताची नळी तयार केली. ऋणाग्र, धनाग्र आणि तिरकस लक्ष्य हा आजच्या नळीचा सांगाडा इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यापूर्वीच उभा राहिला होता.

वायुनळीची मर्यादा आणि तिची किंमत

आघात नेमका कशाचा आणि त्यातून किरण का निघतात, हे मात्र अज्ञात होते. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये ऋण किरण हे ऋण विद्युतभार असलेल्या अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असल्याचे दाखविले. वेगवान विद्युतभारित कण एकाएकी थांबला की त्यातून विद्युतचुंबकीय स्पंद बाहेर पडेल, अशी कल्पना याच सुमारास जॉर्ज स्टोक्स व एमिल व्हीशर्ट यांनी स्वतंत्रपणे मांडली. मंदावलेल्या कणातून निघणाऱ्या या प्रारणाला पुढे जर्मन भाषेत 'ब्रेम्सस्ट्राहलुंग', म्हणजे गतिरोधातून उद्भवणारे प्रारण, असे नाव पडले.

सिद्धांत असा आकार घेत असताना नळीचा व्यवहार अनिश्चितच राहिला. तत्कालीन नळीत थोडा वायू शिल्लक ठेवावा लागे. या वायूचे धन आयन ऋणाग्रावर आदळत आणि तेथून इलेक्ट्रॉन बाहेर पडत. वापराबरोबर वायू काचेत व धातूत शोषला जाई आणि दाब उतरे. मग प्रवाह चालू ठेवण्यासाठी अधिक विभवांतर द्यावे लागे व किरण अधिक भेदक होत. अशा नळीला 'कठीण' आणि अधिक वायू असलेल्या नळीला 'मृदू' म्हटले जाई. किरणांचे प्रमाण आणि त्यांची भेदनशक्ती या दोन्ही गोष्टी एकाच वायुदाबावर अवलंबून असल्याने त्यांवर स्वतंत्र नियंत्रण ठेवणे शक्य नव्हते. नळी आज कशी चालते आहे हे पाहण्यासाठी अनेक डॉक्टर व तंत्रज्ञ स्वतःचाच हात किरणांच्या मार्गात धरीत आणि पडद्यावर हाडे कितपत स्पष्ट दिसतात यावरून अंदाज बांधीत.

या प्रथेचे परिणाम भीषण झाले. एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे काम करणारे सहायक क्लॅरेन्स डॅली यांच्या हातांवर असाध्य जखमा झाल्या. दोन्ही हात कापूनही कर्करोग आटोक्यात आला नाही आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी हे काम सोडून दिले. अशा मृत्यूंची संख्या इतकी वाढली की, १९३६ मध्ये हॅम्बुर्ग येथे क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात बळी पडलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. किरणांच्या जैविक परिणामांविषयीचे अज्ञान हे या हानीचे मुख्य कारण होय. नळी मोजमापाला वश होत नव्हती, हेही त्यामागील एक कारण म्हणावे लागेल.

स्वरूपाचा निर्णय : १९०४ ते १९१३

क्ष-किरण लहरी की कण, हा प्रश्न जवळजवळ सतरा वर्षे अनिर्णित होता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स बार्कला यांना क्ष-किरणांत ध्रुवण आढळले, ही बाब लहरींच्या बाजूची होती. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०७ पासून कणवादाचा पुरस्कार केला. बार्कला यांचे याहून महत्त्वाचे कार्य म्हणजे लाक्षणिक प्रारणाचा शोध होय. एखाद्या मूलद्रव्यावर क्ष-किरण टाकले असता त्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांत त्या मूलद्रव्याची स्वतःची, ठरावीक भेदनशक्ती असलेली श्रेणी असते, असे त्यांना आढळले. त्यांनी दोन श्रेणींना 'के' व 'एल' अशी नावे दिली. आणखी भेदक श्रेणी सापडल्यास अलीकडची अक्षरे मोकळी असावीत, हा त्यामागील हेतू होता. 'के' कवचाच्या अलीकडे काहीही नाही हे आज ज्ञात आहे. परंतु कवचांची नावे 'ए' ऐवजी 'के' पासून का सुरू होतात, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या सावधगिरीत आहे.

१९१२ मध्ये म्यूनिक येथे माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेनुसार फ्रीड्रिख व क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण पाठविले आणि छायाचित्रण पट्टीवर विवर्तनाचे ठिपके मिळविले. लहरीस्वरूपाचा हा निर्णायक पुरावा ठरला. लॉरेन्स ब्रॅग यांनी त्यावरून स्फटिकातील थरांचे अंतर व तरंगलांबी यांना जोडणारा नियम त्याच वर्षी मांडला, तर त्यांचे वडील विल्यम हेन्री ब्रॅग यांनी क्ष-किरणांचा वर्णपट मोजणारे उपकरण तयार केले. नळीतील किरणांत एक अखंड वर्णपट असतो आणि त्यावर काही ठरावीक तरंगलांबींच्या तीव्र रेषा उठून दिसतात, हे आता मोजून सांगता येऊ लागले.

मोस्ली यांचे प्रयोग

या मापनपद्धतीचा पुढील टप्पा हेन्री मोस्ली यांनी गाठला. अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये अणुकेंद्रकाची कल्पना मांडली होती आणि नील्स बोर यांचे अणुविषयक निबंध १९१३ च्या उत्तरार्धात प्रसिद्ध होत होते. मूलद्रव्याचा आवर्त सारणीतील क्रमांक हाच केंद्रकावरील विद्युतभार असावा, असा तर्क डच अभ्यासक फान डेन ब्रुक यांनी केला होता. तो तपासण्यासाठी मोस्ली यांनी नळीच्या आतच रुळांवर चालणारी छोटी गाडी बसविली. तिच्यावर निरनिराळ्या मूलद्रव्यांचे तुकडे ठेवलेले असत आणि दोरीने गाडी ओढून एकामागून एक तुकडा ऋण किरणांच्या झोतासमोर आणता येई. लक्ष्य हाच येथे परीक्षणाचा नमुना होता.

कॅल्शियमपासून जस्तापर्यंतच्या मूलद्रव्यांची मोजमापे डिसेंबर १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. 'के' श्रेणीतील प्रमुख रेषेच्या वारंवारतेचे वर्गमूळ मूलद्रव्यागणिक सारख्या टप्प्याने वाढते, असे त्यांत दिसून आले. हा टप्पा अणुभाराशी जुळत नाही, क्रमांकाशी जुळतो. कोबाल्टचा अणुभार निकेलपेक्षा किंचित अधिक असूनही सारणीत कोबाल्ट आधी येते. क्ष-किरणांनी तोच क्रम योग्य ठरविला. १९१४ च्या दुसऱ्या निबंधात सोन्यापर्यंतची मूलद्रव्ये तपासली गेली आणि ४३, ६१ व ७५ या क्रमांकांच्या जागा रिकाम्या असल्याचे सांगितले गेले. पुढे ७५ वे मूलद्रव्य ऱ्हेनियम १९२५ मध्ये, ४३ वे टेक्निशियम १९३७ मध्ये आणि ६१ वे प्रोमेथियम १९४५ मध्ये मिळाले. हे भाकीत खरे ठरल्याचे पाहण्यास मोस्ली हयात नव्हते. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या युद्धात वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी ते मारले गेले.

या रेषा का निर्माण होतात, याचे स्पष्टीकरण व्हाल्टर कॉसेल यांनी १९१४ पासून दिले. बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन अणूच्या सर्वांत आतील कवचातील इलेक्ट्रॉन उडवितो. रिकामी जागा भरण्यासाठी वरच्या कवचातील इलेक्ट्रॉन खाली येतो आणि दोन कवचांच्या ऊर्जांमधील फरक क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. अंतर्गत कवचांची ऊर्जा केंद्रकावरील भारावर अवलंबून असल्याने प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात.

कूलिज नळी

ज्या डिसेंबर १९१३ मध्ये मोस्ली यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतील विल्यम कूलिज यांनी नव्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. कूलिज यांनी ठिसूळ टंगस्टनपासून तार काढण्याची पद्धत विजेच्या दिव्यांसाठी शोधून काढली होती. तप्त धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हे ओवेन रिचर्डसन यांच्या संशोधनातून माहीत होते, आणि त्यासाठी वायूची गरज नाही असे कूलिज यांचे सहकारी अर्व्हिंग लँगम्यूर यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले होते. कूलिज यांनी नळी जवळजवळ पूर्ण निर्वात केली आणि ऋणाग्राच्या जागी विजेने तापणारा टंगस्टनचा तंतू बसविला. तंतूच्या तापमानावरून इलेक्ट्रॉनांची संख्या ठरू लागली आणि विभवांतरावरून त्यांची ऊर्जा. वायुनळीत एकमेकांत गुंतलेल्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एकदा निश्चित केलेली मात्रा पुन्हा तशीच देता येऊ लागली आणि नळी तपासण्यासाठी हात पुढे करण्याचे प्रयोजन उरले नाही.

या नळीमागे इलेक्ट्रॉनचे ज्ञान होते, धातुशास्त्र होते आणि निर्वात तंत्र होते. बोर यांचा अणू नव्हता. अणुरचनेचा उपयोग नळीला पुढे झाला, तो मुख्यतः विशिष्ट कामासाठी योग्य लक्ष्य निवडण्यात. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी मॉलिब्डेनमचे लक्ष्य प्रचारात आले, कारण त्याच्या सुमारे १७.५ व १९.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या रेषा मऊ ऊतींमधील फरक दाखविण्यास सोयीच्या असतात.

निर्मितीचे एकत्रित चित्र

१९१५ मध्ये विल्यम ड्युएन व फ्रँकलिन हंट यांनी दाखविले की, नळीवरील विभवांतर ठरले की अखंड वर्णपटाची किमान तरंगलांबीही ठरते. एका इलेक्ट्रॉनची सर्व ऊर्जा एकाच क्ष-किरण कणात रूपांतरित होते, ती ही मर्यादा. नळीला १,००,००० व्होल्ट विभवांतर दिले असता इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ५५ टक्के वेगाने लक्ष्यावर आदळतात आणि किमान तरंगलांबी ०.०१२४ नॅनोमीटर येते. टंगस्टनच्या 'के' कवचातील इलेक्ट्रॉन उडविण्यास सुमारे ६९.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. त्यामुळे याहून कमी विभवांतरावर 'के' श्रेणीच्या रेषा मिळत नाहीत, केवळ अखंड वर्णपट व अल्प ऊर्जेच्या अन्य रेषा मिळतात. या सर्व व्यवहारात इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा सुमारे एक टक्काच भाग क्ष-किरणांत उतरतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणूनच उच्च वितळबिंदू असलेले टंगस्टन लक्ष्यासाठी सोयीचे ठरले आणि १९२९ मध्ये फिलिप्स कंपनीने फिरत्या धनाग्राची नळी बाजारात आणली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, क्ष-किरणांच्या निर्मितीचे ज्ञान तीन स्वतंत्र प्रवाहांतून आले. आघाताचे निरीक्षण रंटगेन यांनी केले, इलेक्ट्रॉनवर नियंत्रण कूलिज यांनी मिळविले आणि लक्ष्यातील अणूचा सहभाग बार्कला, मोस्ली व कॉसेल यांनी उलगडला. पाठ्यपुस्तके हे प्रवाह एका सरळ रेषेत मांडतात, तेव्हा विषय सुबोध होतो. मात्र उपकरण आणि सिद्धांत यांचे नाते एकतर्फी असल्याचा चुकीचा संस्कारही त्याबरोबर होतो. अध्यापनात नळीची आकृती अणूच्या आकृतीच्या आधी आणली आणि 'या रेषा कोठून आल्या असाव्यात?' हा मोस्ली यांच्यापुढील प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर अणुक्रमांक ही सारणीतील केवळ एक संख्या न राहता मोजून सिद्ध झालेली राशी आहे, हे त्यांना उमजेल. त्याचबरोबर, कार्य समजण्याआधीच वापरात आलेल्या उपकरणाची किंमत डॅली यांच्यासारख्यांनी मोजली, याचीही नोंद विज्ञानाच्या वर्गात व्हावयास हवी.