गाठ खरंच वाढली का? मेंदूच्या गाठीच्या मोजमापाचा इतिहास

रेडिएशन संपून महिना झालेला असतो. पहिला एमआरआय होतो आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, 'गाठीचा आकार वाढला आहे.' घरातल्यांचा धीर सुटतो. "डॉक्टर, सगळे उपचार वाया गेले का?" तुमच्याही मनात हाच प्रश्न असेल, तर आधी हा थोडा इतिहास वाचा.

शंभर वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या मेंदूतली गाठ दिसतच नसे. १९१८ मध्ये अमेरिकन सर्जन वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढले. पोकळी कुठे सरकली, यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये एका महिलेच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला आणि गाठ प्रत्यक्ष दिसली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं.

गाठ दिसली, पण मोजायची कशी? १९९० मध्ये डेव्हिड मॅकडॉनल्ड आणि सहकाऱ्यांनी नियम ठरवले. कॉन्ट्रास्टमुळे उजळलेल्या भागाची सर्वांत जास्त लांबी घ्यायची, तिच्याशी काटकोनातली रुंदी घ्यायची आणि गुणाकार करायचा. गुणाकार निम्मा किंवा त्याहून कमी झाला तर उपचार लागू पडले. २५ टक्के वाढला तर गाठ वाढली. म्हणजे ४ बाय ३ सेंटीमीटरची गाठ ५ बाय ३ झाली, तर १२ चे १५ होतात आणि ती 'वाढ' ठरते. स्टेरॉइडचा डोस आणि रुग्णाची तब्येतही त्यांनी हिशेबात धरली, कारण नुसत्या स्टेरॉइडनेही सूज उतरून स्कॅन सुधारलेला दिसतो.

तरीही एक अडचण राहिली. कॉन्ट्रास्ट कॅन्सरच्या पेशी दाखवत नाही. रक्तवाहिन्या कुठे झिरपतात, ते दाखवतो. २००५ पासून ग्लायोब्लास्टोमासाठी रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड देणं रूढ झालं. तेव्हा लक्षात आलं, की काही रुग्णांचा स्कॅन सुरुवातीला बिघडतो आणि तेच उपचार चालू ठेवले तरी पुढे सुधारतो. ही 'खोटी वाढ'. उपचारांमुळेच तिथे सूज आणि झिरप होते. उलट बेव्हॅसिझुमॅब हे औषध झिरप चटकन थांबवतं. स्कॅन छान दिसतो, पण गाठ आत पसरत असू शकते.

म्हणून २०१० मध्ये 'रॅनो' निकष आले. रेडिएशननंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, रेडिएशन दिलेल्या भागातच वाढ दिसली, तर तेवढ्यावरून उपचार फसले असं म्हणायचं नाही. नवी गाठ त्या भागाबाहेर असेल किंवा बायोप्सीत सिद्ध झाली, तर गोष्ट वेगळी. न उजळणारा भागही आता पाहिला जाऊ लागला. २०२३ च्या सुधारित निकषांनी तुलनेसाठी शस्त्रक्रियेनंतरचा नव्हे, तर रेडिएशननंतरचा एमआरआय पायाभूत मानला.

याचा अर्थ प्रत्येक वाढ खोटी असते असा नाही. काही वेळा ती खरीच असते, आणि ते कळायला पुढचा स्कॅन किंवा बायोप्सी लागते. तुम्ही एवढं करा: जुने सगळे स्कॅन सोबत आणा, स्टेरॉइडचा डोस कधी बदलला ते लिहून ठेवा आणि रुग्णाचं चालणं, बोलणं, झोप यांत काय फरक पडला ते सांगा. डोकेदुखी, उलट्या, फिट किंवा हातापायांतली कमजोरी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच या. रिपोर्टमधल्या एका ओळीवरून मात्र स्वतःहून उपचार बंद करू नका.