कुटुंब न्यायालयाची वाटचाल : लग्नापासून लेकरापर्यंत

कुटुंब न्यायालयाची कल्पना आपल्याकडे रुजवण्याचे श्रेय दुर्गाबाई देशमुखांना दिले जाते. 1953 च्या चीन दौऱ्यात त्यांनी तिथली कुटुंब न्यायालये पाहिली आणि परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयातले न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याकडे, तसेच पंतप्रधान नेहरूंकडे हा विषय काढला. कल्पना कागदावर यायला मात्र दोन दशके लागली. गजेंद्रगडकर विधि आयोगाचे अध्यक्ष असताना 1974 च्या 59 व्या अहवालाने कौटुंबिक वादांसाठी वेगळी, सलोख्याची पद्धत सुचवली. त्यानुसार 1976 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत बदल झाले. पण कोर्ट तेच आणि उलटतपासणीची रीतही तीच राहिली. महिला संघटनांनी रेटा लावला, तेव्हा कुठे 1984 मध्ये कुटुंब न्यायालय कायदा झाला.

या कायद्याचा सारा भर तडजोडीवर. समुपदेशकांची नेमणूक, बंद दाराआड सुनावणी, हक्क म्हणून वकील लावता येणार नाही अशी तरतूद, न्यायाधीश नेमताना स्त्रियांना प्राधान्य, हे सगळे त्यात आले. मुलाचा ताबा कोणाला द्यावा, याचा निकष मात्र त्यात नाही. तो जुन्या कायद्यांतून घ्यावा लागला : सर्व धर्मीयांना लागू असलेला 1890 चा पालक व पाल्य कायदा आणि हिंदूंसाठीचा 1956 चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा. या दुसऱ्या कायद्यानुसार पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहते. पण पाच वर्षे पूर्ण झाली की ते आपोआप वडिलांकडे जाते, हा समज चुकीचा आहे. दोन्ही कायद्यांत मुलाच्या हिताचा विचार करायला सांगितले आहे, आणि 1956 च्या कायद्याने तर ते हित सर्वांत वर ठेवले आहे.

महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत ही न्यायालये 1989 मध्ये सुरू झाली. मुंबईचे न्यायालय वांद्र्याला आहे. पुण्याचे न्यायालय कित्येक वर्षे दुसऱ्या संस्थेच्या इमारतीत चालले. शिवाजीनगरला स्वतःची वास्तू मिळाली ती 2017 मध्ये. ताब्याच्या अर्जांना इथे ‘डी पिटिशन’ म्हणतात. नुसते ‘डी’ म्हटले तरी आवारातल्या लोकांना कळते.

या ‘डी’नेच न्यायालयाला नवे काम शिकवले. जोडप्याला पुन्हा एकत्र आणण्यासाठी नेमलेला समुपदेशक मुलाशी गप्पा मारू लागला, गरज पडली तर घरी जाऊन पाहू लागला. मुलाची शाळा कोण बघते, आजारपणात कोण जागते, आजी-आजोबा जवळ आहेत का, भावंडे एकत्र राहतील का, असे प्रश्न त्याच्या अहवालात आले. पगार जास्त म्हणून ताबा मिळत नाही, कारण खर्चाचा वाटा पोटगीतून मागता येतो. मूल समजत्या वयाचे असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात एकटे भेटतात. त्याचे म्हणणे विचारात घेतात, पण ते पढवलेले तर नाही ना, हेही ताडून पाहतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला ‘अ‍ॅक्सेस’ मिळतो : आठवड्याची भेट, निम्मी सुट्टी, वाढदिवस. संबंध फारच ताणलेले असतील तर भेटी न्यायालयातल्या मुलांच्या दालनात होतात. तिथे खेळणी असतात आणि लक्ष ठेवायला माणूसही असतो.

वरिष्ठ न्यायालयांनीही दिशा दिली. लहान मुलासाठी योग्य आईला पर्याय नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने चाळीसच्या दशकारंभीच म्हटले होते. मुले म्हणजे आई-बापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत, हे 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. 2015 मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले की, पाच वर्षांखालच्या मुलासाठी आई अयोग्य आहे हे वडिलांनी सिद्ध करायचे, आईने आपली योग्यता नव्हे. 2020 मध्ये प्रत्यक्ष भेटीसोबत फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही महत्त्वाचा मानला गेला.

समुपदेशकाचे काम मात्र अवघड झाले आहे. एरवी तडजोडीतले बोलणे गुप्त राहते. ताब्याच्या प्रकरणात मुलाविषयीचा अहवाल न्यायालयापुढे ठेवता येतो, हे 2019 च्या निकालाने मान्य केले. मुलासाठी ते गरजेचेच होते. पण आपले बोलणे अहवालात जाईल हे ठाऊक असलेले आई-वडील मन किती मोकळे करणार?

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. त्यामुळे निकालानंतरही घरे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहतात : भेटीला मूल आणलेच नाही, सुट्टीनंतर परत धाडले नाही. विधि आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, पण ती अजून कायद्यात उतरलेली नाही. जोडप्यातला सलोखा हे या न्यायालयाचे मूळ काम होते. लग्न टिकले नाही तरी दोघांनी मिळून मूल वाढवावे, एवढा सलोखा आजही घडवता येईल. त्यासाठी समुपदेशकाचे काम निकालापाशी थांबवून चालणार नाही.