नियमशास्त्राच्या पोटातली दया

बायबलविषयी एक समज फार पक्का आहे : जुना करार म्हणजे कठोर नियम आणि नवा करार म्हणजे दया. हा समज जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये मार्शन या शिक्षकाने इस्राएलाचा देव आणि येशूचा पिता हे दोन निराळे देव आहेत असे मांडले आणि हिब्रू धर्मग्रंथ बाजूला सारले. ख्रिस्ती मंडळीने त्याची शिकवण नाकारली, तरी त्याने आखलेली रेघ पुसली गेली नाही. तिच्याच आधाराने ज्यू धर्माला पुढे निर्दय ठरवले गेले आणि त्याची किंमत ज्यू समाजाने शतकानुशतके मोजली. ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ सालच्या ‘पॉल अँड पॅलेस्टिनियन जुडाइझम’ या ग्रंथाने अभ्यासकांना हे चित्र मुळापासून तपासायला लावले. देवाची कृपा आधी येते आणि नियमपालन हा त्या कृपेला दिलेला प्रतिसाद आहे, अशी येशूच्या काळच्या ज्यू परंपरेची धारणा त्यांनी साधार दाखवली.

या पुस्तकातील सर्व लेखांमागे एक भूमिका आहे. नियम आणि दया यांचा झगडा नियमशास्त्राच्या आतच चालू आहे, आणि तो तिथेच वाचला पाहिजे.

नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४वा अध्याय पाहा. गहाण घेण्यासाठी धनकोने ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, तो वस्तू आणून देईल. गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर सूर्यास्ताला ते परत करायचे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? धनकोचा हक्क रद्द झालेला नाही, पण तो ऋणकोच्या उंबरठ्यापाशी संपतो. इथे दया हेच नियमाचे कलम आहे.

त्याच पुस्तकाच्या २३व्या अध्यायात मात्र मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे बजावले आहे. नहेम्या या यहूदी अधिकाऱ्याच्या काळी हा नियम लोकांपुढे वाचून परक्यांना वेगळे काढले गेले. आणि याच बायबलमध्ये रूथ आहे : विधवा, परकी आणि मवाबी. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला पोहोचते तेव्हा सातूची कापणी सुरू झालेली असते. शेताच्या कडा पुरत्या कापू नयेत, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावा, असे लेवीय पुस्तकाचा १९वा अध्याय सांगतो. त्या बळावर रूथ शेतात उतरते. शेताचा मालक बवाज तेवढ्यावर थांबत नाही. पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे ओढून तिच्यासाठी टाका, तिला रागावू नका, असे तो गड्यांना सांगतो. एका नियमाने तिला दार बंद केले होते, दुसऱ्याने शेत खुले केले. बवाजाने दुसऱ्याला वजन दिले. दावीद राजा हा रूथचाच पणतू. पुढे ही बंदी मवाबी पुरुषांपुरतीच आहे, बायकांना ती लागू नाही, असा निर्णय रब्बींनी मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात नोंदवला.

दयेच्या नियमाचाही कधी गरिबालाच जाच होतो. दर सातव्या वर्षी कर्जे माफ करावीत, असा नियम आहे. ते वर्ष जवळ आले की लोक कर्ज देताना हात आखडता घेऊ लागले. तेव्हा हिल्लेल या ज्यू गुरूंनी प्रोझबूल हा दस्तऐवज रूढ केला. त्यानुसार येणे न्यायालयाच्या हवाली होई आणि सातव्या वर्षानंतरही वसूल करता येई. यामुळे कर्जमाफी पोकळ झाली असे म्हणता येईल. गरिबाला पुन्हा कर्ज मिळू लागले असेही म्हणता येईल. दोन्ही म्हणणी खरी आहेत. विषयाचा खरा अभ्यास इथून सुरू होतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा आज योहानाच्या शुभवर्तमानाच्या ८व्या अध्यायात येते. चौथ्या शतकातील सायनाय आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत ती नाही. ती वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. नियमशास्त्र स्त्री आणि पुरुष दोघांनाही दोषी धरते. इथे पुरुष हजरच नाही. शिवाय पहिला दगड साक्षीदारांनी टाकावा, असे नियमशास्त्रच सांगते. ‘तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा’ हे येशूचे उत्तर त्याच तरतुदीला स्पर्श करते. तिची सुटका नियमाला बगल देऊन होत नाही. नियम नीट वाचल्यामुळे होते.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. शब्बाथ पाळून शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात वेचली.

वाचकांना एकच विनंती. पुढील लेखांकडे वळण्याआधी रूथचे चार अध्याय आणि अनुवादाचे २३वा व २४वा हे अध्याय शेजारी ठेवून सावकाश वाचावेत. त्यासाठी ख्रिस्ती किंवा ज्यू असण्याची गरज नाही. दोन नियम समोरासमोर येतात तेव्हा झुकते माप कोणाला द्यायचे, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याचीच असते.